विलापातला खर्ज

(इटली, सोळावं शतक सरत आलेलं. पो नदीकाठच्या एका गावातला सिस्टरांचा मठ, पवित्र आठवड्यातला, म्हणजे येशूच्या मरणाचा उत्तम शुक्रवार ज्यात येतो त्या आठवड्यातला, सोमवार. गायन शिकवणाऱ्या सिस्टर लाविनिया आणि त्यांची शिष्या सिस्टर पेर्पेतुआ स्वयंपाकघरात चणे निवडताहेत.)

पेर्पेतुआ : ...आणि माझी गादीसुद्धा उसवली, बाई. पुरुष काय गादीत शिवून ठेवतात?

लाविनिया : हळू बोल.

पेर्पेतुआ : पिठाच्या कोठीत काठी खुपसली. बिशपच्या कारभाऱ्याचं नाक पांढरं झालं. सिस्टर अगाथा हसली, तर तिला मौनाची शिक्षा.

लाविनिया : काल देवळात, आपल्याला लोकांच्या नजरेआड ठेवणाऱ्या जाळीपलीकडे बसून त्यानं आपला सराव ऐकला. इतका खालचा आवाज बाईमाणसाचा असेल हे त्याच्या डोक्यात शिरेचना. मठात गडी लपवलाय म्हणून बिशपकडे धावला.

पेर्पेतुआ : आज समोर उभं करून गायला लावलं मला. आता तरी शिरलं ना?

लाविनिया : शिरलं.

पेर्पेतुआ : मग तोंड का फिरवलं? मला वाटलं, रडतोय.

लाविनिया : किळस आली म्हणाला. देव बाईला असा आवाज देत नाही म्हणे.

पेर्पेतुआ : मग मी काय बाजारातून चोरून आणला?

लाविनिया : चणे राहू देत. ऐक. उत्तम शुक्रवारी तू गायचं नाहीस. यापुढे कधीच नाही.

पेर्पेतुआ : आणि शुक्रवारी गायचा तुमचा विलाप?

लाविनिया : पाच आवाजांचा लिहिलाय, चार गातील.

पेर्पेतुआ : खर्ज काढून उरतं काय त्यात? तुम्हीच म्हणायचात, बाकीच्या माझ्या खांद्यावर उभ्या आहेत. निदान ऑर्गनवर वाजवा माझा भाग.

लाविनिया : पवित्र आठवड्यात ऑर्गन बंद असतो, पोरी.

पेर्पेतुआ : ...तुम्ही हो म्हणालात?

लाविनिया : कारभारी म्हणाला, खालचा आवाज बंद करा, नाहीतर सगळ्यांचं गाणं बंद करतो. या पोरींना गाण्याशिवाय दुसरं आहे काय इथं? हो म्हणाले. लाज वाटते मला, पण म्हणाले.

पेर्पेतुआ : ओठांतल्या ओठांत गाईन.

लाविनिया : तो स्वतः जाळीला कान लावून बसणार आहे.

पेर्पेतुआ : बाई, शुक्रवारी बा येतो.

लाविनिया : तुझे वडील? ते तर कधी भेटायलासुद्धा आले नाहीत.

पेर्पेतुआ : होडीवाला माणूस. भेटीच्या खोलीत मदरसमोर बसायला लाजतो. वर्षातून एकदा, उत्तम शुक्रवारी, देवळात लोकांच्या मागे उभा राहतो. जाळीतून मी दिसत नाहीच. आवाजावरून ओळखतो. त्याचाच आवाज आहे हा. नदीवर धुकं असलं की आम्ही दोघं एकाच पट्टीत हाका मारायचो.

लाविनिया : आलेत हे तुला कसं कळतं?

पेर्पेतुआ : विलाप संपला की खाकरतो. तेवढ्यावर मी वर्ष काढते.

लाविनिया : आपण निरोप धाडू. दारावरच्या सिस्टरला सांगते.

पेर्पेतुआ : दारावर सकाळपासून कारभाऱ्याचा माणूस बसलाय. आणि धाडणार कुठल्या घाटावर? होडी हेच त्याचं घर.

लाविनिया : आजारी असेल, असं समजतील ते.

पेर्पेतुआ : गेल्या साली अंगात ताप होता माझ्या. तुम्ही झोपायला सांगितलंत, तरी उठून गायले. का, ते विचारलं नाहीत तुम्ही. आवाज आला नाही, तर मी गेले असंच धरेल तो.

लाविनिया : मी काय करू, सांग. तू सांगशील ते करते.

पेर्पेतुआ : काही होण्यासारखं नाही, बाई. तो ऐकेल. खालून काही येत नाही म्हणून लोक गेल्यावरही थोडा थांबेल. मग आई गेली तेव्हा केलं तसंच करेल.

लाविनिया : काय केलं होतं?

पेर्पेतुआ : काठावर एक मेणबत्ती लावली, आणि होडी पाण्यात सोडली. त्या काठाला पुन्हा लागला नाही.