कढई रिकामी नाही

लव्हिना : गुडघ्याचं निमित्त मला सांगू नकोस. त्याच गुडघ्याने तू दुकानापर्यंत जातोस, चर्चच्या पायऱ्या चढतोस. लढाईवरून येऊन दहा दिवस झाले तुला, आणि आमच्याच घराची पायरी तेवढी चढवत नाही?

ऑरिन : आलो ना आता.

लव्हिना : मी निरोप धाडला म्हणून आलास. आत ये आणि ते खोपटाचं दार लाव आधी. वाऱ्याने आग भडकते, आणि कढईतला रस उतू गेला तर आई मला सोलून काढील.

ऑरिन : हिटी मावशी कुठाय?

लव्हिना : वरच्या मेपलच्या झाडांकडे गेलीय, कावड घेऊन. रसाने भरलेल्या बादल्या उतरवल्या की येईलच. ती यायच्या आत मला बोलायचंय. बस त्या ओंडक्यावर. हे ओळखतोस?

ऑरिन : माझं पत्र.

लव्हिना : तुझंच. माझा भाऊ ऑक्टोबरात पडला, आणि नोव्हेंबरात हे आलं. कडा शाईने काळ्या केल्या होत्यास. ती काळी कड बघूनच मी भर रस्त्यात चिखलात बसले होते. 'अ‍ॅसाहेलचा हात माझ्या हातात होता. त्याने आईची आठवण काढली. म्हणाला, तिला सांग, मी भ्यायलो नाही, देवाघरी आपली भेट होईल. मग झोपी जाणाऱ्या लेकरासारखे त्याचे डोळे...'

ऑरिन : वाचू नकोस, लव्हिना. पाठ आहे मला.

लव्हिना : मलाही पाठ आहे. म्हणून तर मंगळवारी पायाखालची जमीन सरकली. कोलग्रोव्हबाईंकडे अंडी द्यायला गेले होते. त्यांच्या चष्म्याची काच फुटलीय. म्हणाल्या, माझ्या ट्रूमनचं पत्र वाचून दाखव गं, किती दिवसांत ऐकलं नाही. मी वाचायला बसले. दुसऱ्या ओळीनंतर मला कागदाकडे बघावंच लागलं नाही, ऑरिन. तोच हात, तीच आठवण आणि तेच लेकरासारखे डोळे. नाव तेवढं वेगळं, आणि अक्षर तुझं. आता तोंडात मिठाची गुळणी धरून बसू नकोस.

ऑरिन : त्यांना सांगितलंस?

लव्हिना : काय सांगू? त्या डोळे मिटून ऐकत होत्या, ओठ हलवत. पण परवा रविवार आहे. पाद्री हॉसफोर्ड अ‍ॅसाहेलसाठी प्रवचन करणार आहेत, आणि आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. आधी पत्र वाचून दाखवतात, मग प्रवचन. थोड्या वेळात ते हे पत्र न्यायला येतील. कोलग्रोव्हबाई तिसऱ्या बाकावर बसतात. पहिल्या वाक्याला मान वर करतील, आणि दुसऱ्या वाक्याला... दोन आया एका दमात मुलांना पुन्हा गमावतील. तुझ्या हुशारीपायी!

ऑरिन : ही हुशारी नव्हती.

लव्हिना : मग काय होतं? आळस?

ऑरिन : सात पत्रं होती, लव्हिना. कॅप्टन गेला होता, सार्जंट गेला होता. कंपनीत धड अक्षर माझं एकट्याचं. एका दुपारी सात घरांना कळवायचं होतं. पहिलं ट्रूमनचं लिहिलं. ते खरं आहे, शब्दन्‌शब्द. तो माझ्या मांडीवर गेला, तसाच, तेच बोलून. ते लिहून झालं, आणि दुसरा कागद घेतला तर काही सुचेना.

लव्हिना : म्हणून नक्कल केलीस.

ऑरिन : काय लिहायला हवं होतं? प्रत्येक आईला तेच हवं असतं. शेवटी कोण जवळ होतं, काय बोलला, भ्याला तर नाही ना. निघायच्या आदल्या रात्री आम्ही सगळ्यांनी एकमेकांना वचन दिलं होतं की, कुणी गेलं तर घरी चांगलं लिहायचं. अ‍ॅसाहेलनेही दिलं होतं मला.

लव्हिना : ट्रूमनजवळ तू होतास. मग अ‍ॅसाहेलजवळ कोण होतं? ऑरिन, माझ्याकडे बघ. या घरात काय चाललंय ते तुला सांगते. मी नोव्हेंबरापासून शोकाच्या काळ्या कपड्यांत आहे. आई मात्र अजून त्याच तपकिरी झग्यात फिरते. सगळं गाव बोलतंय. झगा काळा रंगवायचा तर मोठी कढई लागते, आणि ही म्हणते, कढई रिकामी नाही. नोव्हेंबरात डुक्कर कापलं, त्याची चरबी होती. मग मेणबत्त्या आणि नंतर साबण. आता मेपलचा रस. अजून त्याचं ताट मांडते. अजून त्याच्या खाटेवरचं पांघरूण झटकते. मी पाच महिने तिच्यावर डाफरतेय की, आई, पत्र आलंय, स्वतः ऑरिनने हात धरला होता, आता तरी मान. आणि आता मलाच कळेनासं झालंय की वेडी कोण, ती की मी.

ऑरिन : तू नाहीस वेडी.

लव्हिना : मग सरळ सांग. तो मेलेला तू पाहिलास का? नसलास पाहिला, तर तेही सांग. तुरुंगात असेल, कुठल्या इस्पितळात असेल. तसं असेल तर मीही ताट मांडीन. पण हे असं मधल्यामध्ये लटकवू नकोस आम्हाला.

ऑरिन : मी...

हिटी : लव्हिना! फेस वर आलाय, दिसत नाही? ती चरबी बांधलेली दोरी खाली सोड, फेस बसेल. नुसती गप्पा मारत बसलीय! कोण, ऑरिन? ऊठ, ही कावड धर. एक बाजू धर नुसती, गुडघ्यावर जोर देऊ नकोस.

ऑरिन : द्या, मावशी.

हिटी : बारीक झालास. तिकडे खायला घालत नव्हते वाटतं. पाद्री खालच्या वळणावर दिसले मला, घोडा चिखलात रुतलाय त्यांचा. तेवढा वेळ आहे तुमच्याकडे. बोला पुढे, मी काही बहिरी नाही.

लव्हिना : आई, तू घरात जाऊन जरा हात शेक ना.

हिटी : हात इथंच शेकतात, आगीवर. कोलग्रोव्हबाईचं पत्र आणि आपलं पत्र एकच आहे, तेच ना? मला जानेवारीपासून ठाऊक आहे.

लव्हिना : काय?

हिटी : तिने मलाही वाचायला दिलं होतं. तुला एकटीलाच वाचता येतं का? मी वाचलं, घडी घातली, तिच्या हातात दिलं. म्हटलं, छान मरण आलं हो ट्रूमनला. ती रडली, मी चहा प्यायले आणि घरी आले.

लव्हिना : आणि मला बोलली नाहीस! दोन महिने!

हिटी : तू काळा झगा घालून फिरत होतीस. तुला परत अधांतरी कशाला लटकवू? पण मला तर त्या पत्राने बरंच वाटलं होतं, पोरी. म्हटलं, बघ, मी म्हणत होते ना? हे दुसऱ्याच कुणाच्या लेकराचं मरण आहे, पत्ता चुकून माझ्या घरी आलंय. ते ट्रूमनचं आहे म्हणजे माझ्या अ‍ॅसाहेलचं नाही.

ऑरिन : मावशी, मला माफ...

हिटी : माफीचं नंतर बघू. आधी आगीत एक लाकूड सार. हं. आता सांग. पत्रातलं नको, तुझं तू सांग. कुठे होतास?

ऑरिन : ओढ्याकाठी. मक्याचं शेत होतं. शत्रूचे लोक डाव्या अंगाने आले आणि आमची फळी मोडली. सगळे ओढ्याकडे पळत सुटले. मीही पळालो. अ‍ॅसाहेल कुंपणाजवळ पडला होता. पोटाला लागलं होतं. त्याने मला बघितलं.

लव्हिना : बोलला?

ऑरिन : 'ऑरिन, थांब,' म्हणाला. दोनदा.

लव्हिना : आणि तू?

ऑरिन : मी थांबलो नाही.

लव्हिना : देवा! तुझ्याबरोबर तो या टेकडीवर वाढला, तुझ्या ताटात जेवला, आणि तू...

हिटी : लव्हिना, गप्प. त्याला बोलू दे.

ऑरिन : मी इतका जवळून पळालो, मावशी, की त्याचा हात माझ्या कोटाला लागला. आणि मी आपलं, 'त्याचा हात माझ्या हातात होता,' असं लिहिलं. रोज मला वाटतं की थांबलो असतो तर. दहा दिवस तुमच्या फाटकापर्यंत येतो आणि मागे फिरतो. कुठल्या तोंडाने आत येऊ?

हिटी : पुढे.

ऑरिन : पहाटे आम्ही ते शेत परत घेतलं. ट्रूमन तेव्हाच गेला, ओढ्याच्या अलीकडे. मग मी कुंपणापाशी गेलो. तो तिथेच होता, गेलेला. बूट नव्हते, कोटही कुणी काढून नेला होता. तोंडाला चिखल होता.

हिटी : बूट नाहीत आणि कोट नाही. तोंडाला चिखल. मग तो कुणीही असेल. अंधार आणि गडबड, तुझं डोकं ठिकाणावर नाही. मक्याच्या शेतात काय एकच उंच पोरगा पडला होता?

ऑरिन : मी चिखल पुसला, मावशी.

हिटी : दहा जणांना पुरलं असेल तुम्ही त्या सकाळी. एक चूक व्हायला कितीसा वेळ लागतो?

लव्हिना : आई...

हिटी : तू मध्ये पडू नकोस. डोळे. डोळ्यांचं सांग मला.

ऑरिन : पत्रात लिहिलंय तसे...

हिटी : ते पत्र घाल चुलीत! ट्रूमनचे डोळे ट्रूमनच्या आईला. मला त्या कुंपणाजवळच्या पोराचे सांग. मिटलेले होते?

ऑरिन : नाही.

हिटी : मग?

ऑरिन : अर्धे उघडे होते. मी हात फिरवून मिटले, तर परत तसेच. दुसऱ्यांदा मिटले, तरी खालची पांढरी रेघ दिसतच राहिली. तंबूत झोपायचा तेव्हा दिसायची तशी. आम्ही चेष्टा करायचो, म्हणायचो, अ‍ॅसाहेल झोपेतही पहारा देतो. मग मी त्याच्या चेहऱ्यावर माझा रुमाल टाकला आणि पुरलं.

हिटी : पाळण्यात असल्यापासून. माझी सासू म्हणायची, हे पोर झोपलंय की जागं, कळत नाही. पहिल्या दिवशी तुझं पत्र वाचलं तेव्हाच मी म्हटलं, याचे कसले डोळे मिटतात! दोन वर्षं याच्या शेजारी झोपलेला ऑरिन असं कसं लिहील? म्हणजे हा माझा नाही. पाच महिने मी त्या एका ओळीवर जगले.

ऑरिन : मावशी...

हिटी : तू पळालास, ते मी विसरणार नाही. उद्या मला तुझा संताप येईल, परवाही येईल. त्याने दोनदा हाक मारली, हे मला मरेपर्यंत ऐकू येत राहील. पण तू परत गेलास आणि दोनदा हात फिरवलास. तेवढं मला आज पुरे आहे.

लव्हिना : आई, पाद्री आले फाटकाशी.

हिटी : येऊ देत. त्यांना सांग, आमच्याकडचं पत्र जळालं. हवं तर सांग, म्हातारीने चुकून सरपणाबरोबर घातलं. वाचायचंच असेल तर त्यांनी कोलग्रोव्हबाईचं वाचावं, तिचं खरं आहे. ऑरिन, बस खाली. लव्हिना, याला गरम पाक दे एक वाटी.

लव्हिना : देते. आणि तू कुठे निघालीस?

हिटी : झगा आणायला. कढई रिकामी कर.