अस्सल थिनर

आणीबाणीच्या आधीची गोष्ट आहे. मालेगावले आमी ट्रक रंगवत होतो. भेसळीच्या थिनरनं आपल्या माणसांची छाती बिघडू नये म्हणून गुलाबराव मिस्त्री दर डबा आधी सोता हुंगे. "चालते," म्हणे, मंगच आमी रंगात थिनर टाकत होतो.

मिस्त्रीले दम लागला तवा मीच त्याले नागपूरले नेलं. संगं नेलेली आमच्या थिनरची बाटली डॉक्टरनं ठेवून घेतली. पुढच्या खेपेले म्हणाले, "माणसाच्या फुप्फुसाच्या पेशी आम्ही काचेत वाढवतो. त्यांना तुमच्या थिनरची वाफ दिली. सगळ्या मेल्या."

मिस्त्रीनं बाटली मागितली, बूच काढून हुंगलं.

"साहेब, हे तं अस्सल आहे."

"हो. अस्सलच आहे."

मिस्त्रीनं हळूच बूच लावलं. माह्याकडे न पाहता इचारलं, "मंग मी तुमाले 'चालते' कायले म्हणत होतो रे?"