पाहुणे येणार म्हणून कापलेलं गवत

लेलँड: झालं गं मारेन, कापलं सगळं. दफनभूमी कशी घोटून दाढी केल्यासारखी दिसतेय.

मारेन: नाही कापलं. काका, आपण असं धरू की मी अजून आलेच नाही आणि तुम्ही यंत्राला हात लावलेला नाही.

लेलँड: इंजिन गरम आहे अजून. बघ हात लावून.

मारेन: मी आलेच नाहीये, हात कुठून लावू?

लेलँड: तूच फोनवर म्हणालीस, तीन वाजता राज्याचे तपासनीस येणार. पाहुणे येणार म्हटल्यावर झिपऱ्या तशाच ठेवू? तुझी डोरिसकाकू इथे निजलीय. लोक म्हणतील, लेलँड बायकोच्या उशाचंसुद्धा कापत नाही.

मारेन: ते गवतच बघायला येतायत.

लेलँड: गवत? सरकारी गाडीतून?

मारेन: काकूंच्या पलीकडची पट्टी. तिथे नांगर कधी लागलाच नाही. पुढच्या मयतांसाठी राखलेली ना?

लेलँड: राखलेली. पण मंडळी म्हातारपणी उबेला ॲरिझोनात जाऊन तिथेच मरायला लागली.

मारेन: म्हणून ते टिकलं. झुपके झुपके, केसासारखी पाती, कारंज्यासारखी चहूकडे झुकलेली. ड्रॉपसीड. मूळ माळरानाचं गवत, सगळ्या आयोवात आता औषधापुरतं उरलंय. आज त्याची नोंद झाली असती तर सोमवारी पट्टीवर नव्या रस्त्याचं खोदकाम सुरू झालं नसतं.

लेलँड: आणि डोरिसशेजारची माझी जागा?

मारेन: ती पट्टीतच येते. रिकामी आहे ना.

लेलँड: बुंधे आहेत की. बुंधे दाखव.

मारेन: तुरा लागतो. जागेवर उभा, मुळासकट. नुसत्या बुंध्यांवर ते फक्त ‘गवत’ लिहितात.

लेलँड: दगडांच्या कडेला एखादा असेल.

मारेन: आहे?

लेलँड: नाही. कडा मी कात्रीने केल्या. गुडघ्यांवर बसून.

मारेन: कापलेलं कुठाय?

लेलँड: चर्चच्या बायकांनी नेलं, भोपळ्यांखाली अंथरायला. आणू? मातीत खोचू चार तुरे.

मारेन: खोचलेलं ओळखतात ते. त्याचाच पगार घेतात.

लेलँड: एक विचारू? याला मक्याच्या लाह्यांचा वास येतो का?

मारेन: लाह्या आणि थोडे धणे. तुरा आला की. त्यावरूनच तर मी ओळखलं.

लेलँड: डोरिस तिच्या आईला फुलं वाहायला यायची, दर सप्टेंबरात. म्हणायची, इथे लाह्यांचा वास येतो. मला वाटायचं, बाईला भूक लागलीय. बावन्न वर्षं घरी जाऊन लाह्या भाजल्या मी.

मारेन: अजून येतोय, बघा. तुमच्या विजारीला.

लेलँड: मग तो लिहा की कागदावर.

मारेन: वासाला रकाना नाही.

लेलँड: ती पांढरी गाडी त्यांचीच का?

मारेन: त्यांचीच.

लेलँड: पुन्हा तुरा कधी येईल?

मारेन: पुढच्या ऑगस्टात. जागा उरली तर.

लेलँड: वही काढ. अर्ज लिही, नीट अक्षरात. ‘माननीय साहेब, अर्जदाराने स्वच्छतेच्या भरात गवत कापले, ही चूक मान्य आहे. पट्टीत खणावे लागू नये म्हणून अर्जदार पुढच्या ऑगस्टपर्यंत न मरण्याची लेखी हमी देत आहे. सबब, येता सोमवार तोवर पुढे ढकलण्यात यावा, ही नम्र विनंती.’