घरी कोण कोण असतं?

—नाही, तू आधी बस. उभ्या उभ्या बोलायला लागलं की मला वाटतं समोरचा भांडायला आलाय, आणि तू काही भांडायला आलेली नाहीस, हो ना? आलीयस? बरं, मग बसून भांड. ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो, ती मी पालकांसाठी ठेवलीय, फार वेळ टेकत नाहीत — ही घे. हां. तर बोर्डावर बघितलंस. पहिली पसंती हृदय-शस्त्रक्रिया दिली होतीस, मार्कांत बसत होतीस, आणि नाव लागलं न्यूरोच्या वॉर्डात. बोलू नकोस, काय बोलणार आहेस ते मला माहितीये. किती वर्षं मी ह्या इलेक्टिव्हचं बघतेय — शेवटच्या वर्षाच्या पोरांना महिनाभर आपल्या आवडीचा विभाग निवडू द्यायचा, आणि निवडीनंतरची सगळी रडारड माझ्या टेबलावर व्हायची. सगळ्यांना हृदय पाहिजे. नाहीतर मग त्वचारोग, कारण तिथून दुपारी घरी जाता येतं. न्यूरोचं नाव कुणी आपणहून घेत नाही — अर्धांगवायूचे पेशंट, महिनोन्‌महिने तेच चेहरे, ना धावपळ ना थरार. पण कुणाला तरी पाठवावं लागतंच ना? लागतंच. मग मी कात्री चालवते. तुम्ही पोरं पाठीमागे मला कात्रीच म्हणता की — अगं, लाजतेस कशाला, मला चांगलं वाटतं, माझ्या आधी जे सर होते त्यांना तुम्ही लोक कोमट पाणी म्हणायचात.

आता तू म्हणशील, मॅडम, चालवा कात्री, पण खालून चालवा, मार्क कमी पडलेल्यांवर, माझ्यावर का? रास्त आहे प्रश्न. तर त्याचं असं आहे — हृदयाच्या सरांना चटपटीत पोरं लागतात. त्यांनी तसं सांगितलं नाही, पण लागतात. ते एका वाक्यात विचारतात आणि अर्ध्या वाक्यात उत्तर मागतात. आणि तुला मेडिसिनच्या पोस्टिंगला काय नाव पडलं होतं? गोगलगाय. मी नाही हं ठेवलं, रेसिडेंटनी ठेवलं, मी नुसती हसले होते. एका पेशंटची हिस्टरी घ्यायला तू अख्खी सकाळ घालवायचीस. राउंड वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला पोचायचा आणि तू आपली पहिल्याच खाटेशी, स्टुलावर, हातात हात घेऊन. झापलं होतं ना मी तुला, सगळ्यांसमोर? मुद्द्याचं विचार आणि पुढे हो म्हणून? मार्कही कापले होते. मग अशी मुलगी हृदयाच्या ऑपरेशन थिएटरात उभी केली तर दुसऱ्या दिवशी सरांचा फोन मला येणार. तेव्हा तुझ्याच भल्यासाठी मी —

काय?

त्यांनी स्वतः हो म्हटलंय? तुला? कधी म्हणाले? — आणि पुढच्या शिक्षणासाठी शिफारस देतो म्हणाले, एवढा महिना त्यांच्याकडे काढलास तर. अच्छा. हे मला माहीत नव्हतं. म्हणजे त्यांनी सांगायला हवं होतं मला, असं परस्पर कबूल करून टाकायचं आणि मग — नाही, ते सर तसे कुणाला शब्द देत नाहीत. तुला दिला म्हणजे काहीतरी बघितलं असेल. पाणी पिते मी जरा. तुला हवंय? नको.

हे बघ, न्यूरो काही शिक्षा नाहीये. वॉर्ड प्रशस्त आहे, खिडक्या मोठ्या आहेत, सिस्टर चांगल्या आहेत. तुला ओळखतात त्या. परवा मला विचारत होत्या, ती हळू बोलणारी मुलगी परत पोस्टिंगला येणार का हो? का विचारलं? असंच विचारलं. नाही — असंच नाही. तिथे एक पेशंट आहे, अगदी टोकाच्या खाटेवर. मागच्या पोस्टिंगला तू त्याची हिस्टरी घेतली होतीस. चुकून घेतलीस. तुला दिले होते शेजारचे म्हातारे गृहस्थ, आणि तू पडद्याच्या ह्या बाजूला बसायचं सोडून त्या बाजूला जाऊन बसलीस. आठवलं? मग रेसिडेंट तुझ्या अंगावर ओरडला, की ती खाट आपली नाही, तिथे जायचं नाही. का जायचं नाही ते सांगितलं नाही ना त्याने? नाही सांगायचा तो. घाबरट आहे.

रीत आहे आपल्याकडे. स्टाफच्या घरचं माणूस दाखल झालं की त्याच्यावर विद्यार्थी सोडायचे नाहीत. ही रीत माझ्याइतकी कुणी कडक पाळली नसेल, आणि चांगलीच आहे की — आजारी माणसाला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पोराने तेच तेच विचारायचं, हातपाय उचलून बघायचे, आपल्या माणसाच्या मागे कशाला तो ताप? फक्त होतं काय, त्या खाटेशी सगळे येतात, चार्ट बघतात, आणि मग मान वळवून मला विचारतात. मॅडम, झोप लागली का? मी म्हणते लागली. जेवण गेलं का? गेलं. त्या माणसाला कुणी काही विचारतच नाही. आणि विचारून तरी काय, उजवं अंग गेलंय, वाचा गेलीय, ह्यांच्या तोंडून धड एक अक्षर —

हो. ह्यांच्या. माझे मिस्टर आहेत ते. तुला नवल नाही वाटलं? — माहीत होतं. कुणी सांगितलं, सिस्टरनी? बरं, नको सांगूस, ज्याने सांगितलं त्याने सांगितलं. पण असं तोंड करू नकोस, मला कीव केलेली खपत नाही, मी काही इथे सांत्वन करून घ्यायला बसलेली नाही. आपण तुझ्या पोस्टिंगचं बोलतोय.

भूगोलाचे मास्तर होते. आहेत. आणि बोलायचे किती, विचारू नकोस, आणि तेही किती हळू — साबण आणायला गेले तर घरी येऊन साबणाच्या आधी रस्ता सांगणार, रस्त्याच्या आधी हवामान. मला कुठला एवढा वेळ? मी इथून दमून गेलेली असायचे, मी आपलं मधेच वाक्य उचलायचे आणि पुरं करून टाकायचे. दुकान बंद होतं, असंच ना? असंच असायचं. पाहुणे हसायचे, म्हणायचे काय जोडी आहे, एकाने सुरू करायचं आणि दुसरीने संपवायचं. हेही हसायचे. हसायचेच, मी बघितलंय ना. आणि आता तर संपवावंच लागतं, बाई. सुरुवातीला पाणी हवं असलं की ‘पा’शी अडकायचे, चेहरा लाल, कपाळाची शीर फुगलेली, मला बघवायचं नाही, मी म्हणायचे पाणी, आणि द्यायचे. काय चुकलं? तहान लागलेल्या माणसाला पाणी दिलं. ती स्पीच थेरपिस्ट मला सांगते, मॅडम, थांबा, त्यांना शोधू द्या. तिचं काय जातंय सांगायला, ती ड्युटी संपली की पर्स उचलते. आता ते ‘पा’ही म्हणत नाहीत. मी पडदा सरकवला की ओठ मिटून घेतात आणि खिडकीकडे बघतात. आणि तुला माहितीये ना, व्हायवाला मीच विचारलं होतं तुला, ह्या आजारात वाचा परत यायची ती पहिल्या काही महिन्यांतच यायची, पुढे मग जे राहिलं ते राहिलं. ते महिने चाललेत. हेच ते महिने.

त्या दिवशी मी येत होते, पडद्याला हात घातला, आणि आतून तुझा आवाज. म्हटलं ही कोण, हिला हाकलते आता. तू विचारलंस, नाव काय तुमचं? आणि गप्प बसलीस. इतकी गप्प की मला वाटलं उठून गेलीस. माझ्या मुठीत पडदा आणि जिभेवर त्यांचं नाव. दात आवळून धरले मी, खरं सांगते, जबडा दुखायला लागला. आणि आतून नाव आलं. तुकड्यातुकड्याने, पण सगळं, वडिलांच्या नावासकट. मी रडले. ह्या इमारतीत मी कधी रडले नव्हते, तिथे वॉर्डबॉयच्या देखत रडले. मग तू विचारलंस, काम काय करता? परत तीच शांतता. आणि मग, मास्तर. त्या आवाजात म्हणाले, गं. त्यांच्या स्वतःच्या.

पुढे? पुढचं नाही ऐकलं मी. ट्रॉली गेली शेजारून खडखडत. सिस्टर म्हणाल्या तिसऱ्यालाही उत्तर दिलं त्यांनी. म्हणून म्हटलं, तू महिनाभर तिथे असलीस, रोज थोडा वेळ बसलीस, तर तुझं काय जाईल? — जाईल. जाईल तुझं, कळतंय मला. ती जागा गेली की गेली, शिफारस गेली, आणि ह्या सगळ्यात माझ्या नवऱ्याचं दुखणं तुझ्या नशिबी का? तू माझी कोण लागतेस? कुणी नाही.

तिसरा प्रश्न आठवतोय ना तुला? आठवणारच, मीच शिकवलाय, ह्याच क्रमाने. नाव, काम, आणि घरी कोण कोण असतं.

ट्रॉली-बिली काही गेली नव्हती. ऐकलं मी. सगळ्यांत लवकर तेच उत्तर आलं. ‘एकटाच’ म्हणाले.

आता हे बघ, मेंदूला मार बसलेला माणूस असं बोलतो. चमचा दाखवला की घड्याळ म्हणतो, मुलीला आई म्हणतो, त्याचा अर्थ लावत बसायचं नसतं. मी लेक्चर घेते त्यावर, तू पहिल्या बाकावर होतीस. पण मग नाव कसं बरोबर आलं? काम कसं बरोबर आलं? आणि तिसरंच तेवढं चुकलं? तू सांग मला, असं होतं? होऊ शकतं. होतं कधी कधी. मी पुस्तकं काढून बघितलं, होतं. लेक परदेशी असते, तिचं सोड, पण मी तर घरातच होते ना? सकाळचा चहा आम्ही एकत्र घ्यायचो. समोरासमोर. एकाच टेबलावर बसून बोलायचो — म्हणजे मी बोलायचे.

तर मी तुला तिथे टाकलं. मुद्दाम टाकलं, तुझे मार्क माहीत असताना, पसंती माहीत असताना. मला तो प्रश्न त्यांना परत विचारून हवाय. मला स्वतःला जमत नाही. प्रयत्न केला नाही असं समजू नकोस. पडदा ओढून घेतला, स्टुलावर बसले, तुझ्यासारखंच हळू विचारलं, घरी कोण कोण असतं हो? आणि थांबले. ते बघत होते माझ्याकडे, ओठ हलल्यासारखे वाटले, आणि मला ते सोसवेना. मीच म्हणाले, मी असते ना, मी आहे. त्यांनी मान फिरवली. मला भीती वाटते, पोरी. मी ह्या हॉस्पिटलात कशालाच घाबरले नाही आजवर, त्या एका शब्दाला घाबरते.

तेव्हा डीनकडे जायचं असेल तर खुशाल जा, मी नाही म्हणणार नाही. नाहीतर इथेच सांग काय ते. बोल तू. मी मधे तोंड घालत नाही.

...

जातेस? कुठे जातेस? — त्यांच्याकडे? अजूनही? रोज? वॉर्ड सुरू व्हायच्या आधी, आपली आपण? कुणाच्या परवानगीने तू — नाही, ते राहू दे. सिस्टरना माहितीये? माहितीये. सगळ्या वॉर्डाला माहितीये आणि मलाच नाही. आणि बसून करतेस काय, हिस्टरी घेतेस? परत पहिल्यापासून? नाव विचारतेस. काम विचारतेस. आणि... तेही? आज सकाळीसुद्धा विचारलंस?

आणि मग काय म्ह—

नको. थांब. एक अक्षर बोलू नकोस. बोर्डावरचं मी बदलून घेते, तुझी जागा हृदयात, उद्यापासून हजर हो, त्या सरांना उशीर चालत नाही. सकाळचं तू तुझं बघ, मला त्यातलं काही माहीत नाही. अगं, मान हलवू नकोस. हो म्हणून नको, नाही म्हणूनही नको. माझ्याकडे बघू नकोस म्हटलं ना, खाली बघ. खाली बघ आणि जा.