तिसऱ्या फोटोवरचा टॉवेल

मंडळी, आज कीर्तनाची सुरुवात एका प्रश्नानं करते. दान केलं, तर पुण्य कुणाचं? देणाऱ्याचं! यावर आपलं एकमत आहे. मग ज्यानं घेतलं, त्याची अडचण, त्याचा चेहरा, त्याचं लहानपण हे कुणाचं? तेही देणाऱ्याचंच होतं का?

लगेच माना हलवू नका. आधी ऐका.

समुद्राकाठचं एक गाव. तिथं कुंदाताई बिवलकर राहतात. तेहेतीस वर्षं टपाल कचेरीत काढली. आणि ख्याती अशी, की हातातून हजारो पोस्टकार्डं गेली – उघडी, बरं का! – पण बाईंनी पत्त्यापलीकडं अक्षर वाचलं नाही. शेजारीण विचारायची, सुनेच्या माहेरचं कार्ड आलंय, काय लिहिलंय तेवढं बघा ना. ताई म्हणायच्या, "मला फक्त पिनकोड वाचता येतो."

निवृत्त झाल्या. घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना दिवसावर द्यायचं ठरवलं. येईल ती मिळकत एका संस्थेला. काही मुलं वरचा ओठ दुभंगलेला घेऊन जन्माला येतात, त्यांची शस्त्रक्रिया ही संस्था फुकट करते. हेतू चोख! पण पाहुणे येईनात. येतील कसे? भिंतींना सरकारी हिरवा ऑइलपेंट, खिडकीला टेकून लोखंडी कपाट. माणूस सहलीला आलाय की मनिऑर्डर करायला, कळू नये!

मग पुण्याहून भाची आली, केतकी. तिनं हिरवा रंग खरवडला, पांढरा दिला. कपाट हलवलं, तर मागे समुद्र! इतकी वर्षं तिथंच होता बिचारा. हातमागाच्या चादरी आणल्या. शेवटी म्हणाली, "आत्या, पलंगावरची भिंत रिकामी दिसते. संस्थेकडून मुलांचे फोटो आण. ऑपरेशनच्या आधीचे. माणूस हळवा होतो, चार जणांना सांगतो."

चार फोटो आले. चौकटी झाल्या. खाली पितळी पट्टी – 'तुमच्या मुक्कामामुळे ही मुलं हसली.'

आणि खरंच, पाहुणे आले. दिवाळीपासून खोली रिकामी नाही. या खोल्यांच्या भरवशावर संस्थेनं माघातल्या शिबिरात आठ मुलं जास्तीची घ्यायचं ठरवलं. ताई हे येणाऱ्या प्रत्येकाला कौतुकानं सांगायच्या. ही आठ मुलं लक्षात ठेवा, मंडळी.

मार्गशीर्षात एक नवं जोडपं उतरलं. सहदेव गुरव, सनई वाजवणारा, आणि बायको रेवती. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई चहा घेऊन गेल्या, तर तिसऱ्या फोटोवर ओला टॉवेल! त्यांनी तो काढून दोरीवर टाकला. दुपारी पाहतात, तर पुन्हा तिथंच.

आता तुम्ही असता तर काय केलं असतं? तेच ताईंनी केलं. बोलल्या. आवाज चढवला नाही, पण पोस्टाच्या खिडकीतून बोलावं तशा बोलल्या. गरिबाची लेकरं आहेत, तुमच्याकडं काही मागत नाहीत, बघवत नसेल तर बघू नका, पण झाकायचं कशाला?

सहदेव मिशीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "ताई, तो मी आहे."

ताईंनी टॉवेलाचं टोक उचलून फोटो पाहिला.

"चार वर्षांचा होतो. फोटो तपासणीच्या कागदांना लागतो, असं आईला सांगितलं होतं."

रेवती म्हणाली, "मला यांनी बघायला आले त्या दिवशीच सगळं सांगितलंय. मला त्याचं काही नाही हो. पण या खोलीत आल्यापासून हे तोंडावरचा हात काढत नाहीत."

ताई स्टुलावर चढल्या. तिसरा फोटो काढला. पहिल्याला हात घातला, तसा सहदेव पुढं झाला. "माझा एवढा काढा, ताई. बाकीचे राहू द्या. त्या आठ पोरांचं नुकसान नको. मलासुद्धा ओठ कुणाच्या तरी पैशानंच मिळालाय."

"आणि या तिघांना मी कुठं विचारलंय?" ताई म्हणाल्या. "तेहेतीस वर्षं दुसऱ्याचं कार्ड वाचलं नाही मी. इथं चौघांची उघडून भिंतीला लावली."

चारही फोटो उतरले. पाहुणे कमी झाले का? झाले. देवापुढं उभी आहे, खोटं कशाला सांगू? माघात त्या जास्तीच्या आठांपैकी सहाच मुलांची शस्त्रक्रिया झाली. दोघांना पुढच्या शिबिरापर्यंत थांबावं लागलं. ते ताईंना आजही लागतं.

जाताना सहदेवनं आपली जुनी सनई तिसऱ्या खिळ्याला अडकवली. ओठ नीट मिटले नाहीत, तर फुंकर निसटते, सनईच्या तोंडची पत्ती थरथरत नाही, सूर निघत नाही. पण हे तिथं कुठंही लिहिलेलं नाही. कुणी विचारलंच, सनई कुणाची, तर ताई म्हणतात, "एका पाहुण्याची." पुढं विचारलं, तर? "मला फक्त पिनकोड वाचता येतो."

झाली गोष्ट. आता खरं सांगा. आपले सनईवाले त्या खांबाशी बसलेत. गोष्ट ऐकताना कितीजणांनी हळूच त्यांच्या ओठांकडे पाहिलं?

पाहिलंत ना! अहो, नाव, गाव मी बदलून सांगितलंय. सनईसुद्धा. बासरी असेल, शंख असेल. तुम्हाला त्याच्याशी काय करायचं होतं?

मदत करा, मंडळी, सढळ हातानं करा. पण घरी गेल्यावर आपला मोबाईल उघडा. वह्या वाटताना, चादरी वाटताना काढलेले फोटो असतील त्यात. समोरच्यानं हात पुढं केलाय, मान खाली आहे. त्याला विचारलं होतं?

आता डोळे मिटा. दोन घटका कुणीच कुणाकडं बघायचं नाही. ज्याला आपलं सगळं ठाऊक आहे आणि जो चारचौघांत काही बोलत नाही, त्याचं नाव घ्या.