याडीचं गाणं

तुमी हसाल, पण एक कमांड टाइप करताना मी एकेक अक्षर दोनदा तपासलं होतं. वारंगा फाट्यावर माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं तेव्हा. तांड्यावरची कमलाबाई आली. "भाऊ, माझ्या याडीचा आवाज तुमच्याकडं हाय म्हणं." याडी म्हणजे आई. ती वारून वर्ष झालं होतं.

तांड्यावरच्या गुरुजींनी म्हाताऱ्या बायांची गाणी कॉम्प्युटरवर भरली होती. तो बंद पडायच्या आधी मी त्याची अख्खी डिस्क एकाच इमेज फाइलीत, म्हणजे डिस्कच्या हुबेहूब नकलेत, उतरवून ठेवलेली. सगळी उघडायला माझ्या मशीनमध्ये जागाच न्हाई. मग कमांड देऊन आतली यादी काढली आणि याडीच्या नावाची तेवढी एक फाइल बाहेर घेतली.

गाणं लागलं. कमलाबाई स्पीकरजवळ सरकली. दुसऱ्या कडव्यात आवाज एकदम तुटला.

"बाई, पुढचं भरलंच न्हाई," मी म्हणालो. मलाच तकलीफ झाली.

"पुन्हा लावा."

या वेळी आवाज तुटला तिथून तिनंच गाणं उचललं आणि शेवटापर्यंत म्हटलं. मग मला म्हणाली, "आता माईक लावा. माझं तिच्या मागं जोडून द्या."