बापाचा आवाज

लाखनीच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर नवरा-बायको बोलत होते. तो नागपूरहून आलेला. ती लेकीला घेऊन माहेरी राहणारी.

“गुड्डी तुमचाच गेम खेळून राहिली दिवसभर.”

“आवडला तिले?”

“बाकीचे बोलले का बटन दाबून पुढं जाते. राजा बोलला का हात थांबते तिचा.”

“राजाले माझा आवाज आहे ना, हर्षा!”

“माहीत आहे. ‘बेटी, भिऊ नको, मी आहो तुह्या पाठीशी,’ म्हणते तो. पोट्टी मोबाईलले ‘हो’ म्हणते.”

“मंग! खेळणाऱ्याले खरं वाटलं, तवाच आवाज जमला म्हणाचा.”

“हे वाक्य पहिल्याच वेळी जमलं?”

“नाही ना. मनासारखं होईपर्यंत बोलत होतो.”

“गुड्डीले डेंग्यू झाला तवा दवाखान्यातून रडत होती ती फोनवर. तिले तुमच्याशी एकदा तरी बोलाचं होतं.”

“रेकॉर्डिंग चालू होती माझी.”

“हो. थेच तर ऐकते ती.”

“लाव घरी फोन. आता बोलतो तिच्याशी.”

“काल लावला होता ना तुम्ही. ‘हॅलो बेटी’ ऐकलं अन् मोबाईल माह्या हातात दिला तिनं. म्हणे, आई, कोणीतरी राजाचा आवाज काढून राहिला.”